बॉम जेझसच्या भिंती

पणजीहून मांडवीच्या काठाकाठाने सहा मैल पूर्वेस गेले म्हणजे जुने गोवे लागते. एके काळी पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी असलेल्या या नगरीत आज घरे थोडी आणि ख्रिस्तमंदिरे फार. रस्त्याच्या एका अंगास से कॅथीड्रल आहे. पांढरे, विस्तीर्ण, दोहोंपैकी एकच मनोरा उरलेले. दुसऱ्या अंगास बॉम जेझसची बासिलिका आहे. तांबडी, खडबडीत, अंगावर गिलाव्याचा लेशही नसलेली. प्रथमच आलेल्या पाहुण्यास या दोहोंतील अधिक जुने कोणते असे विचारले, तर तो बहुधा तांबड्या भिंतींकडे बोट दाखवील. वस्तुतः से कॅथीड्रलच्या बांधकामास १५६२ मध्ये आरंभ झाला आणि बॉम जेझसचा पाया १५९४ मध्ये घातला गेला. इतकेच नव्हे, तर ज्या उघड्या दगडाच्या आधारे पाहुणा आपला तर्क बांधतो, तो दगड उघडा पडल्यास पुरती शंभर वर्षेदेखील झालेली नाहीत. प्राचीनतेचा जो रंग त्याच्या मनात भरतो, तो विसाव्या शतकातील एका जीर्णोद्धाराने चढविलेला, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर, उतरविलेला रंग आहे.

हा जीर्णोद्धार कसा झाला, त्याचे भिंतींवर काय परिणाम झाले आणि आता त्यावर इलाज कोणता, हा प्रश्न गोव्यात गेली काही वर्षे कळकळीने चर्चिला जात आहे. त्यात भाविकांचे म्हणणे आहे, पुरातत्त्वज्ञांचे आहे, आणि केवळ पाहावयास येणाऱ्यांचेही आहे. परंतु प्रथम इमारतीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

जेजुइट पंथाच्या पाद्र्यांनी हे मंदिर उभारले आणि १६०५ च्या मे महिन्यात ते उपासनेस खुले झाले. दर्शनी भाग सुमारे ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद. त्यावर युरोपीय शिल्पशास्त्रातील निरनिराळ्या स्तंभपद्धती मजल्यामजल्याने मांडलेल्या असून माथ्यावरील त्रिकोणात येशूच्या ग्रीक नावातील आद्याक्षरे कोरलेली आहेत. स्तंभ, कोनाडे आणि नक्षी यांसाठी लागलेला काळा पाषाण थेट वसईहून आणला होता. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती आणि गलबतातून दगड आणणे त्यांना अवघड नव्हते. सह्याद्रीच्या कुशीतला हा पाषाण गोव्याच्या जांभ्यात बसविला गेला. या गोष्टीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

मंदिराची कीर्ती मात्र दगडासाठी नाही. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निधन पावलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह येथे आहे. गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडविलेल्या रुप्याच्या पेटीत तो ठेवलेला आहे, आणि ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर विराजते तो तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याच्याकडून करवून धाडला. १६९८ मध्ये तो येथे बसविण्यात आला. ‘गोंयचो सायब’ या नावाने ख्रिस्ती नसलेली गोमंतकीय माणसेही या संताचे स्मरण करतात. ३ डिसेंबरच्या सणापूर्वी नऊ दिवस प्रार्थना चालतात, आणि सुमारे दर दहा वर्षांनी देहावशेषांचा सार्वजनिक दर्शनसोहळा होतो. त्या वेळी पेटी मिरवणुकीने से कॅथीड्रलमध्ये नेतात. अशा सोहळ्यास लक्षावधी माणसे लोटतात. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. जेजुइटांना पोर्तुगीज राज्यातून १७५९ मध्ये घालवून दिले गेले, रोगराईने राजधानी ओस पडत गेली, पणजी पुढे आली. तरी या मंदिरातील दिवा विझला नाही. १९४६ मध्ये त्यास बासिलिकेचा मान मिळाला आणि १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील इतर वास्तूंसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

आता दगडाविषयी. कोकणातील मनुष्यास जांभ्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु देशावरच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात वाढलेल्यास जांभा हा दगड वाटतच नाही, आणि त्याचे वाटणे अगदीच चुकीचे नाही. लक्षावधी वर्षांच्या उन्हापावसाने मूळ खडक कुजतो, त्यातील सिलिका व विद्राव्य क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात, तोच जांभा. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश वैद्याने मलबारात हिंडत असता लोक हा दगड विटांसारखा कापून वापरतात हे पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन नावावरून त्यास ‘लॅटराइट’ हे नाव दिले. खाणीत असताना तो ओलसर व मऊ असतो, साध्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. वाऱ्यावर सुकला म्हणजे त्यातील लोहद्रव्ये घट्ट होऊन चिरा कणखर बनतो. गवंड्याच्या दृष्टीने याहून सोयीचा दगड नाही.

परंतु चिरा फोडून पाहावा. आत सर्वत्र वेड्यावाकड्या नळ्या आणि पोकळ्या दिसतात, आणि त्यांपैकी पुष्कळ पिवळसर अथवा पांढऱ्या मातीने भरलेल्या असतात. लोहाचे जाळे कणखर, परंतु जाळ्याच्या घरांतील माती मऊ. उघड्या चिऱ्यावर पावसाचा मारा झाला की ही माती प्रथम धुऊन निघते. मग रिकाम्या झालेल्या नळ्यांतून पाणी आत शिरते. ऊन पडले की ते बाहेर येते आणि येताना क्षार पृष्ठभागापाशी आणून सोडते. क्षारांचे स्फटिक वाढताना जाळ्याच्या भिंती आतून दाबतात. पुढल्या पावसात शेवाळ धरते, त्यामागून नेचे आणि पिंपळाचे रोप. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तोही नैर्ऋत्येकडून वाऱ्यासह, भिंतीवर आडवा झोडपीत. अशा भिंतीवरून हात फिरविला तर तांबडी भुकटी हातास लागते. इमारत कणाकणाने झिजत असल्याची ही खूण होय.

म्हणूनच जांभ्याच्या मुलखात भिंत उघडी ठेवण्याची रीत महत्त्वाच्या इमारतींच्या बाबतीत नव्हती. कोकणातील गृहस्थ आपल्या चिरेबंदी घराचे छप्पर भिंतीपासून हात-दोन हात पुढे काढतो आणि मृगापूर्वी पावसाच्या बाजूस झावळ्यांचे झाप बांधतो. ख्रिस्तमंदिराच्या उंच भिंतीस झाप कोठून बांधणार? तेथे झापाचे काम चुन्याच्या गिलाव्याने केले. शिंपल्या भाजून चुना करावयाचा, तो विरवून महिनोन्‌महिने मुरत ठेवावयाचा, वाळू घालून घाणीत मळावयाचा आणि थरावर थर चढवावयाचा. गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर अशी अनुपानेही जुने गवंडी त्यात योजीत. असा गिलावा हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्या जातीचा दगड बनतो. तरी त्याचे खरे वैशिष्ट्य कठीणपणात नाही. तो भिंतीस श्वास घेऊ देतो. पावसाचे बहुतेक पाणी तो बाहेरच थोपवितो, आणि जे थोडे आत जाते किंवा जमिनीतून वर चढते, त्यास बाफ होऊन बाहेर पडावयास वाट ठेवतो. क्षार फुटतात ते गिलाव्यात, चिऱ्यात नव्हे. दहा-वीस पावसाळ्यांनी गिलावा खराब होतो, तो खरवडून नवा करावयाचा. वरचा सफेदा तर वरचेवर द्यावयाचा. झिजावे गिलाव्याने आणि टिकावे भिंतीने, असा हा करार होता. से कॅथीड्रलच्या भिंतीही जांभ्याच्याच आहेत. त्यांचा पांढरा रंग म्हणजे या कराराची चालू राहिलेली नोंद होय.

बॉम जेझसवरही असाच गिलावा होता. तो काढला गेला १९५० नंतरच्या वर्षांत. १९५२ साली संत झेवियर यांच्या निधनास चारशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती, मोठा दर्शनसोहळा ठरला होता, आणि जुन्या गोव्यातील वास्तूंची डागडुजी करण्यासाठी बाल्ताझार कास्त्रू या पोर्तुगीज स्थपतीस लिस्बनहून पाठविण्यात आले होते. कास्त्रू अडाणी होता किंवा निष्काळजी होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो आपल्या विद्येस अनुसरून वागला. दोष त्या विद्येत होता.

युरोपात एकोणिसाव्या शतकापासून असे एक मत प्रबळ होते की, जुन्या इमारतीचे ‘खरे’ रूप तिच्यावर नंतर चढलेल्या थरांखाली दडलेले असते आणि जीर्णोद्धार करणाऱ्याने ते थर काढून मूळ रूप प्रकट करावे. इंग्लंडात या खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. तिला विनोदाने ‘खरवड-विरोधी मंडळी’ असेच म्हणत. परंतु पोर्तुगालात खरवडणारांचा पक्ष जिंकला. तेथे १९२९ मध्ये राष्ट्रीय इमारती व स्मारके यांचे एक सरकारी खाते स्थापन झाले. राष्ट्राच्या स्थापनेचा मध्ययुगीन काळ हाच खरा वैभवाचा काळ, अशी सालाझारच्या राजवटीची धारणा असल्याने, या खात्याने उत्तर पोर्तुगालातील अनेक प्राचीन मंदिरांवरील नंतरचे गिलावे, सोनेरी वेद्या, रंगकाम हे सर्व उतरवून आतला कातळ मोकळा केला. कास्त्रू याच खात्यातील. तेथील दगड बहुतेक ग्रॅनाइट. तो उघडा पडला तरी शतकानुशतके ढिम्म हलत नाही. त्या मंदिरांचे सौंदर्य वाढले की घटले यावर वाद होऊ शकेल, त्यांचा जीव मात्र धोक्यात आला नाही. तीच रीत जांभ्यास लावली गेली. ग्रॅनाइटच्या देशातील औषध मातीच्या दगडास दिले, आणि तेही पावसाच्या मुलखात.

परिणाम आज दर्शनी भागावरच शेजारी शेजारी वाचता येतो. वसईच्या पाषाणातील स्तंभ आणि नक्षी चारशेहून अधिक पावसाळे खाऊनही रेखीव आहेत. त्यांच्यामधल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या कडा गोलावल्या आहेत, सांध्यांतील चुना आत गेला आहे. बाजूच्या लांब भिंतींवर तर वसईचा दगड अंग राखावयास फारसा नाहीच. अशी भिंत सोसत सोसत कोठवर जाते हे पाहावयाचे असेल तर फार लांब जावयास नको. जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मंदिराचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये ते रिकामे झाले, १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. उरलेला मनोरा, सुमारे दीडशे फूट उंच, तांबडा आणि एकाकी, आज प्रवाशांच्या छायाचित्रांचा आवडता विषय आहे. बॉम जेझसवर छप्पर आहे, राबता आहे, देखरेख आहे, म्हणून ही तुलना पुरती लागू नाही. पण दगड एकच आहे.

गोवामुक्तीनंतर या वास्तूचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आले. उपासना मात्र पूर्वीप्रमाणे धर्मसंस्थेकडेच राहिली. एकाच घराचे दोन कारभारी असले म्हणजे जे होते ते येथेही अधूनमधून होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे छपराचे काम अर्धवट अडकले असता अवकाळी पाऊस आला आणि पाणी आत शिरले. त्या प्रसंगाने लोक हलले. बासिलिकेच्या रेक्टरांनी तेव्हापासून उघडपणे मागणी मांडली की, केवळ कौले बदलून भागणार नाही. भिंतींवरील गिलावा पुन्हा घातला पाहिजे.

ही मागणी ऐकताच प्रथम वाटते की यात वाद कसला? चूक झाली, ती दुरुस्त करावी. परंतु प्रश्न तितका सरळ नाही, आणि विरुद्ध बाजूचे म्हणणेही टाकाऊ नाही. गोव्याचे चित्र म्हणून जगात जी प्रतिमा पसरली आहे ती तांबड्या बॉम जेझसची आहे; १९८६ मध्ये जागतिक यादीत वास्तू दाखल झाली तीही याच रूपात. आजच्या गोव्यातील बहुतेक माणसांनी जन्मापासून हीच भिंत पाहिली आहे. पांढऱ्या मंदिरात जाऊन त्यांना परक्याच्या घरी आल्यासारखे वाटले तर त्यांस दोष देता येणार नाही. शिवाय १९६४ साली व्हेनिस येथे जगातील स्थपतींनी जी सनद केली, तिच्यात इमारतीवर उमटलेल्या सर्व कालखंडांच्या कामाचा आदर करावा, एकाच कालखंडाचे रूप आणण्यासाठी बाकीचे पुसू नयेत, असा दंडक आहे. मग कास्त्रूची उघडी भिंतही आता इतिहासाचाच भाग झाली नाही काय? कास्त्रूने गिलावा पुसला म्हणून आपण कास्त्रूला पुसावे, हे त्याच चुकीचे दुसरे टोक तर नव्हे?

या शंकेचे उत्तर त्या सनदेतच सापडते. तिचे संरक्षण मोलाच्या कामास आहे, आणि एखादा थर काढताना किंवा ठेवताना त्याचे मोल व त्याचा परिणाम दोन्ही तोलावयाचे आहेत. कास्त्रूने येथे नवे काही रचले नाही. त्याने एक आवरण काढले. जे काढले त्याची अनुपस्थिती जपण्यासाठी मूळ भिंत गमवावी, हा हिशेब कोणत्याही बाजूने जुळत नाही. पॅरिसच्या नोत्रदामचे उदाहरण या वादात अनेकदा दिले जाते. तेथील मनोरा एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूकने रचलेला; २०१९ च्या आगीत तो पडल्यावर तसाच पुन्हा उभारला गेला आणि मंदिर डिसेंबर २०२४ मध्ये उघडले. परंतु व्हियोले-ल-द्यूकचा मनोरा ही एक निर्मिती होती. दोन गोष्टी सारख्या नाहीत.

खरी अडचण तत्त्वाची नसून कामाची आहे. सत्तर वर्षे उघडी राहिलेली भिंत म्हणजे १९५० ची भिंत नव्हे. चिऱ्यांच्या पोटात क्षार साठलेले असतात. ते न काढता वरून चुना थापला तर पहिल्याच दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. मधल्या काळात जेथे जेथे डागडुजीत सिमेंट गेले असेल ते सर्व उकरून काढावे लागते, कारण सिमेंट पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि स्वतः शाबूत राहून शेजारच्या चिऱ्यास कुजविते. आधुनिक गृहस्थास हे खरे वाटत नाही. घट्ट ते चांगले असे त्याच्या मनात बसलेले असते. जुन्या इमारतीत मात्र सांधा आणि गिलावा हे दगडाहून मऊ असावे लागतात. मग खचलेले चिरे बदलणे, छपराच्या वळचणी व पन्हळी नीट करणे, पायथ्याचे पाणी दूर वाहून नेणे ही कामे. आणि त्यानंतर प्रथम आडवळणाच्या बाजूस भिंतीचा एखादा तुकडा लिंपून, त्यावरून निदान एक-दोन पावसाळे जाऊ देऊन परिणाम पाहणे. चुना मुरविणारा आणि तो चढविणारा गवंडी आज सहज मिळत नाही. ठेक्याच्या कागदावर ‘चुना’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्ष पाटीत निम्मे सिमेंट असते, हा अनुभव देशभरचा आहे.

यातच मंदिराच्या आजच्या वापराचा प्रश्न मिसळतो. ही वास्तू केवळ संग्रहालय असती तर पाच वर्षे दार लावून काम करता आले असते. येथे रोज मिस्सा होतो, लग्ने लागतात, आणि त्याच दारातून दिवसभर प्रवासी आत येतात. दाटीने माणसे उभी राहिली की त्यांच्या श्वासाची वाफ सोनेरी वेदीवर आणि लाकूडकामावर बसते. पंखे, ध्वनिवर्धक आणि दिवे यांच्या तारांसाठी जुन्या भिंतीत खिळे मारले जातात. वृद्धांसाठी उतार हवा, स्वच्छतागृहे हवीत, वाहने दूर ठेवावयास हवीत. या सोयी नकोत असे म्हणणे सोपे आहे, पण चारशे वर्षे जी वास्तू माणसांच्या येण्याने जगली तिला माणसे नकोशी होऊन कसे चालेल? गोव्याने यावर एक जुनाच तोडगा ठेवला आहे. नऊ दिवसांच्या प्रार्थना आणि सणाचा मिस्सा मंदिराबाहेर मंडपात होतात. दर्शनसोहळ्यास पेटी अधिक विस्तीर्ण अशा से कॅथीड्रलमध्ये हलविली जाते. गर्दीचा भार जुन्या भिंतींवर येऊ नये यासाठी कोणत्याही यंत्रसामग्रीहून ही पद्धत शहाणपणाची आहे, आणि नव्या सोयी करताना हाच धडा पुरेसा आहे: जे बाहेर अंगणात होऊ शकते ते आत आणू नये.

राहता राहिला काळाचा हिशेब. चुन्याचे काम पावसात होत नाही आणि वैशाखाच्या कडक उन्हातही नीट होत नाही. थर सावकाश, ओलावा धरून सुकावा लागतो. म्हणजे कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नेमका तोच हंगाम सणाचा, नाताळचा आणि प्रवाशांचा. भिंतीस परांची लागेल तेव्हाच छायाचित्रे काढणारे येतील, आणि प्रार्थनेस बसलेल्यांच्या डोक्यावर बांबूंची चौकट असेल. २०२४ च्या सोहळ्यास आलेल्यांनी तांबडीच भिंत पाहिली. दहा वर्षांचा प्रघात पाळला गेला तर पुढला सोहळा २०३४ च्या अखेरीस येईल. मध्ये दहा पावसाळे आहेत आणि कामाचे, फार तर, नऊ हिवाळे.